लाखाचा स्वल्पविराम

सी भाषेतील 'प्रिंटएफ' हे फंक्शन १२३४५६७ ही संख्या सहज छापते. पण तीच १२,३४,५६७ अशी हवी असेल तर? भाषेच्या मानकात त्याची सोय नाही. तेव्हा आपणच एक फंक्शन लिहू. त्याला 'छाप' म्हणू, आणि टक्केचिन्हापुढे 'के' हे अक्षर आले की लाखाच्या पद्धतीने छापायचे, असे ठरवू.

'छाप'ला प्रथम मिळतो तो मजकुराचा आराखडा. तो एकेक अक्षर वाचत जायचे. साधे अक्षर आले की तसेच छापायचे. टक्केचिन्ह आले की पुढचे अक्षर पाहून 'व्हीए-आर्ग'कडून पुढची किंमत मागायची. किती किमती आल्या, कोणत्या प्रकारच्या आल्या, हे फंक्शनला कळायला दुसरा मार्ग नाही. आराखड्यात 'के' लिहून प्रत्यक्षात अपूर्णांक दिला, तर संगणक बहुधा तक्रार न करता भलताच आकडा छापतो. 'प्रिंटएफ'च्या बाबतीत आजचे कंपायलर अशी चूक दाखवतात. आपले 'के' त्यांना ठाऊकच नसते.

आता आकडे. संख्येला १० ने भागत गेले की बाकी ७, ६, ५ अशी उलट्या क्रमाने मिळते. विद्यार्थ्यांना हे अडचणीचे वाटते, पण आपणही एकं, दहं, शतं असे उजवीकडूनच मोजतो की! म्हणून आकडे आधी एका अ‍ॅरेत साठवायचे. तीन, पाच, सात आकडे साठवून झाले, की पुढचा आकडा ठेवण्याआधी स्वल्पविराम ठेवायचा. आकडा ठेवल्यानंतर लगेच ठेवला, तर ५६७ चे ',५६७' होते. शेवटी अ‍ॅरे उलटा छापायचा.

ऋण संख्येचे उणे चिन्ह आधी छापून संख्या धन करून घ्यावी, असे आम्हांला वाटले होते. –२१४७४८३६४८ देताच पडद्यावर आले उणे चिन्ह आणि एकटाच डावा कंस! ३२ बिटांच्या पूर्णांकात सर्वांत मोठी धन संख्या २१४७४८३६४७. त्यामुळे आमच्या संगणकावर चिन्ह बदलूनही संख्या ऋणच राहिली. बाकी आली –८. 'शून्य' या अक्षराचा आस्की क्रमांक ४८. त्यातून ८ गेले की ४०, म्हणजे डावा कंस. भागाकार ऋण असल्याने आवर्तनही तिथेच थांबले. संख्या आधी 'अनसाइन्ड' प्रकारात घेऊन ती शून्यातून वजा केली, तेव्हा –२,१४,७४,८३,६४८ नीट छापले गेले.