दूमा : युक्रेनच्या युद्धपीडितांचें शोकगान

युक्रेनमधील 'दूमा' नांवाच्या गेय कथांचा पहिला छापील संग्रह त्सेर्तेलेव यानें १८१९ सालीं काढला. त्यांत शब्द आहेत, चाली नाहींत. केवळ असे संग्रह वाचणारास दूमा म्हणजे कोसॅक वीरांचा पोवाडा वाटतो. हें मत अर्धेंच खरें आहे.

दूमांतील जुन्या थराचा विषय रणविजय नव्हे, बंदिवास होय. १६ व्या व १७ व्या शतकांत क्रिमियाच्या तातारांनीं स्वाऱ्यांत धरून नेलेलीं माणसें काळ्या समुद्रापलीकडे गुलाम म्हणून विकलीं जात. मागें राहिलेल्यांस त्यांचें सुतक धरतां येईना, कीं वाट पाहणें सोडतां येईना. अझोवहून पळतांना दोघां घोडेस्वार भावांनीं मागें टाकलेला, पायीं चालणारा धाकटा भाऊ. कैद्यांस सोडवून स्वतः परमुलुखांतच राहणारी बोहुस्लावची मारूस्या. ह्या कथा त्याच दुःखांतल्या आहेत.

रचना पाहिली म्हणजे हें अधिक स्पष्ट होतें. आरंभींच्या भागास 'झाप्लाच्का' म्हणतात. शब्दाचें मूळ 'रडणें' या अर्थाच्या धातूंत आहे. चरण विषम असून गायक कंठ चढवीत, थांबत, जणूं बोलतच गातो. मृताजवळ बायका जो विलाप करितात त्याशीं ह्या गानरीतीचें नातें फिलारेत कोलेस्सा यानें दाखविलें आहे. शेवटीं मात्र 'स्लावोस्लोवीये' येतें, व त्यांत ऐकणारांस आयुष्यारोग्य चिंतिलें जातें. रडण्यापासून अभीष्टचिंतनापर्यंतची ही वाट गायक एकटा चालत नाहीं, श्रोते बरोबर असतात. गाणें म्हणजे औषध, असें कोणी म्हणूं नये. परंतु ज्या शोकास घरांत वाट मिळत नाहीं त्यास चारचौघांत ती मिळते, हा गुण सामान्य नव्हे. फेब्रुवारी १९१४ नव्हे, तर अगदीं अलीकडे, फेब्रुवारी २०१४ मध्यें कीव्हच्या चौकांत मारले गेलेल्यांस निरोप देतांना 'प्लिवे काचा' हें लोकगीत लाविलें गेलें. तें दूमा नव्हे. लढाईस निघालेला मुलगा व आई यांचा तो संवाद आहे. पुढें सैनिकांच्या अंत्यविधींतही तें ऐकूं येऊं लागलें.

आतां संग्राहकांच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट. १९०८ सालीं कोलेस्सानें आंधळ्या कोब्झारांचा आवाज मेणाच्या नळकांड्यांवर उतरून घेतला. खर्चाचा भार कवयित्री लेस्या उक्राइन्का व तिचा पति क्लिमेंत क्वित्का यांनीं उचलला. स्वरलेखनाचे दोन भाग १९१० व १९१३ मध्यें निघाले. हें काम वेळेवर झालें. कारण १९३० नंतरच्या दशकांत सोव्हिएत अंमलाखालीं ह्या गायकांचा छळ होऊन गुरुशिष्यपरंपरा बहुतेक तुटली. एक धागा तेवढा उरला. हेओर्ही त्काचेंको (१८९८–१९९३) हा चित्रकार खार्किव्ह येथें द्रेवचेंको नामक आंधळ्या कोब्झारापाशीं शिकला होता. त्यापासून मिकोला बुदनिक यानें विद्या घेतली, व तिच्यांतून कीव्हचा कोब्झार-संघ उभा राहिला.

द्नीप्रोपेत्रोव्स्क प्रांतांतील कोसॅक गीतें युनेस्कोनें २०१६ सालीं तातडीनें रक्षावयाच्या वारशाच्या यादींत घातलीं. हीं मूळचीं पुरुषांचीं गाणीं. आतां त्यांच्या मेळ्यांत स्त्रियांचेही आवाज आहेत.