जुन्या कर्नेलच्या भरवशावर

लिनक्सचं २.२ कर्नेल १९९९च्या जानेवारीत आलं आणि त्याच वर्षी मी पहिल्यांदा स्वतःचं कर्नेल कंपाइल केलं. साउंड कार्ड वाजत नव्हतं, एवढंच निमित्त. 'मेक मेन्युकॉन्फिग'च्या निळ्या पडद्यावर शेकडो प्रश्न होते. प्रत्येक ड्रायव्हर कर्नेलच्या पोटात घ्यायचा, मॉड्यूल म्हणून बाजूला ठेवायचा की वगळायचा? आपल्या पेटीत कोणत्या चिपा आहेत हे मला त्या उत्तरांच्या शोधात कळलं. मग 'मेक डेप', 'मेक बीझेडइमेज' आणि तासभर सरकत राहणाऱ्या ओळी.

पहिला प्रयत्न फसला. ज्या ईएक्सटी२ फाइल सिस्टिमवर सगळं होतं, तिचाच ड्रायव्हर मी मॉड्यूल करून ठेवला होता. मॉड्यूल डिस्कवर, आणि डिस्क वाचायला तेच मॉड्यूल हवं! रूट सापडत नाही म्हणत कर्नेल पॅनिक झालं. सुदैवाने लिलो या बूटलोडरच्या यादीत जुन्या कर्नेलची वेगळी नोंद केली होती. टॅब दाबला, ते नाव टाइप केलं आणि लॉगिनची ओळ आली. तो जीव भांड्यात पडल्याचा क्षण आजही आठवतो.

लिलोला फाइल सिस्टिम वाचता येत नसे. कर्नेल डिस्कच्या कोणत्या ब्लॉकांत आहे, एवढंच तो टिपून ठेवी. त्यामुळे फाइल बदलली की लिलो पुन्हा चालवायचाच. हे मी लवकर शिकलो. दुसरी गोष्ट शिकायला मात्र अख्खी रात्र गेली. त्याच आवृत्तीचं कर्नेल पुन्हा बांधलं, तेव्हा जुनी फाइल जपली होती. पण दोघांची मॉड्यूल्स एकाच नावाच्या डिरेक्टरीत जात होती. नव्यांनी जुन्यांची जागा घेतली. जुनं कर्नेल उठलं खरं, पण नेटवर्क कार्ड मुकं. तेव्हापासून मेकफाइलमधल्या 'एक्स्ट्राव्हर्जन'ला स्वतःची खूण जोडल्याशिवाय मी कंपाइल केलं नाही. शिवाय 'मेक झेडडिस्क'ने चालत्या कर्नेलची फ्लॉपी करून ती टेबलाच्या खणात ठेवू लागलो.

पुढे लिलोच्या जागी ग्रब आला. तो फाइल सिस्टिम स्वतः वाचतो, त्यामुळे ब्लॉकांची कटकट संपली. २००३ अखेरच्या २.६मध्ये 'मेक डेप' गेलं. २००९च्या २.६.३२मध्ये 'लोकलमॉडकॉन्फिग' आलं. लोड झालेली मॉड्यूल्स पाहून तेच बाकीची वगळतं.

माझं मन मात्र अजून 'लिलो -आर'पाशी अडतं. दूरच्या सर्व्हरवर नवं कर्नेल टाकताना पडदा समोर नसे. लिलोला सांगायचं, फक्त पुढच्या एका वेळेला नवं घे; आणि कर्नेलला 'पॅनिक=३०' द्यायचं. पॅनिक झालंच तर तीस सेकंदांनी यंत्र आपोआप रीबूट होऊन जुन्यावर परते. देव पाण्यात ठेवून पिंग करत बसायचो.

जुन्यावर परतण्याची हीच युक्ती पुढे फोनमध्येही आली: अँड्रॉइड ७ने २०१६मध्ये सिस्टिमच्या दोन प्रती ठेवण्याची सोय दिली. अशा फोनमध्ये अपडेट रिकाम्या बाजूला उतरतं आणि नवी बाजू काही प्रयत्नांत नीट उठली नाही, तर बूटलोडर मागचीच चालू करतो. अपडेटनंतर फोनवर लोगो जरा जास्त वेळ थांबला की माझा हात अजून खणाकडे जातो.