विकत घेतलेला शाळिग्राम खरा की साच्यातला? सुरुवात होटगीच्या काळ्या दगडापासून करा

सोलापूरहून दक्षिणेकडे गाडी निघाली की पुढचं जंक्शन होटगी. इथून एक लाइन विजयपूरकडे वळते, दुसरी कलबुर्गीवरून वाडीला जाते. होटगीच्या शिवारात विहीर खणा, बांध उकरा, दगड एकच निघतो: काळा बेसाल्ट. हा बेसाल्ट म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून वर आलेला आणि थराथरानं थिजलेला लाव्हा.

त्याचा जीवाश्मांशी संबंध काय? जीवाश्म व्हायला मेलेला प्राणी लवकर गाळात पुरला जावा लागतो. लाव्हा हजार अंशांच्याही वर तापलेला असतो, त्यात शंख, मासा, अंडं काहीच टिकत नाही. त्यामुळे ‘सोलापूरच्या काळ्या खडकात सापडलेलं डायनासोरचं अंडं’ असा फोटो ग्रुपवर आला, तर दगड हातात न घेताही शंका घेता येते. बेसाल्ट झिजताना त्याचे गोल गोळे होतात आणि त्यांचे कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. दिसायला ते अगदी अंड्यासारखे. गारगोटीत कधीकधी नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी दिसते. तीही वनस्पती नसते, फटीत शिरलेल्या मँगनीजचे ते फाटे असतात.

महाराष्ट्रात जीवाश्म नाहीतच, असा याचा अर्थ नाही. दोन लाव्हांच्या मध्ये साचलेल्या गाळात ते सापडतात. मुंबईत वरळीच्या टेकडीत अशाच थरात चिमुकल्या बेडकांचे सांगाडे मिळाले. गडचिरोलीतल्या सिरोंचाकडे तर खडकच वेगळा, तिथे दगड झालेली झाडं आणि डायनासोरची हाडं आहेत. लातूरकडे मांजरा नदीच्या गाळात हत्ती आणि पाणघोड्याचे अवशेष मिळाले आहेत. म्हणजे कुठलाही जीवाश्म समोर आला की पहिला प्रश्न ‘हा किती सुंदर आहे’ असा नसतो. ‘हा कुठल्या खडकातून आला’ असा असतो.

आता घरात बघू. होटगीच्या खडकात नसलेला जीवाश्म होटगीच्या देवघरात मात्र असू शकतो. शाळिग्राम हा जीवाश्मच आहे. नेपाळमधली काली गंडकी नदी हिमालयातले काळे शेल खडक कापत येते. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता आणि त्यात अमोनाइट नावाचे, वेटोळ्या शंखाचे प्राणी राहत. मेलेला अमोनाइट चिखलात रुतला, भोवतीचा चिखल घट्ट होऊन त्याचा गोळा बनला. आपण ज्याला चक्र म्हणतो, ते त्या शंखाचं वेटोळं. आत सोनेरी चमक दिसते ती बहुतेक वेळा पायराइटची, म्हणजे लोह आणि गंधकाच्या खनिजाची.

श्रद्धेचा निवाडा करायला हा लेख नाही. पण परंपराही सांगते की शाळिग्राम माणसानं घडवलेला नसतो, म्हणून त्याला प्राणप्रतिष्ठा लागत नाही. साच्यात ओतलेला किंवा कोरलेला दगड परंपरेच्या या कसोटीवरही नापास होतो.

विक्रेते ज्या परीक्षा दाखवतात त्यांचा फारसा उपयोग नाही. सोनं घासून रेघ उमटली म्हणजे शाळिग्राम अस्सल, असं सांगतात. बारीक पोताच्या कुठल्याही कठीण काळ्या दगडावर सोन्याची रेघ उठते, होटगीच्या बेसाल्टवरही. तांदळात ठेवून वजन वाढतं का बघणं, हेही तसंच.

त्यापेक्षा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काढा. आधी दगडाचं वजन करा, समजा १५० ग्रॅम आलं. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्यावर आणा. दगड दोऱ्याला बांधून पूर्ण बुडेल असा पाण्यात लटकत धरा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. आता काटा जो आकडा दाखवेल, समजा ५६, त्यानं पहिल्या वजनाला भागा. १५० भागिले ५६ म्हणजे जवळपास २.७. नैसर्गिक दगडाचं उत्तर साधारण अडीच ते तीनच्या दरम्यान येतं, पायराइट जास्त असेल तर त्याहून वर. निव्वळ रेझिन असेल तर सव्वाच्या आसपास अडकतं. रेझिनमध्ये दगडाची भुकटी कालवली असेल तर मधेच कुठेतरी, दोनच्या आगेमागे. दगडाला काहीही इजा होत नाही.

मऊ शंखजिऱ्याचा दगड कोरून काळा रंगवलेला असेल तर मात्र तो या परीक्षेत पास होतो, कारण तोही दगडच. त्यासाठी खालच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी सेफ्टी पिन ओढा. सहज पांढरा चरा पडून पीठ निघालं तर सावध व्हा. नेलपॉलिश रिमूव्हरचा कापूस तिथेच फिरवा. तेलाचा थोडा मळ निघाला तर हरकत नाही, पण काळा रंगच सुटला तर उत्तर मिळालं.

मग भिंग घ्या. खऱ्या अमोनाइटचं वेटोळं बाहेरच्या बाजूला रुंद होत जातं, त्यावरच्या धारा कडेवरून पलीकडे जातात आणि नदीनं उंच भाग कमी-जास्त झिजवलेले असतात. कोरलेलं चक्र सगळीकडे सारख्याच खोलीचं, वहीत काढल्यासारखं. रेझिनमध्ये टाचणीच्या टोकाएवढे हवेचे बुडबुडे दिसतात, कधी कडेनं साच्याची बारीक रेघ जाते. काही खऱ्या शाळिग्रामांत बाहेरून चक्र दिसतच नाही, हेही लक्षात ठेवा.

ऑनलाइन घेत असाल तर सगळ्यात सोपी युक्ती मोबाइलवरच आहे. विक्रेत्याचे बाकीचे फोटो आणि ग्राहकांनी रिव्ह्यूमध्ये टाकलेले फोटो शेजारी शेजारी ठेवा. दोन नगांवर टवका त्याच जागी असेल, तर दोन्ही एकाच साच्यातले.

किमतीवरून मात्र फसू नका. मादागास्करचे कापून पॉलिश केलेले अमोनाइट बऱ्यापैकी स्वस्त असूनही सहसा खरे असतात, कारण माल मुबलक आहे. मोरोक्कोचे काटेरी ट्रायलोबाइट खडकातून मोकळे करायला कारागिराला खूप तास लागतात. ते कवडीमोलानं मिळत असतील तर साच्याचा संशय घ्या. तिकडून येणाऱ्या समुद्री सरड्यांच्या जबड्यांत अनेकदा दात खरे आणि जबडा वाळू-गोंदाचा असतो. दात जिथे दगडात शिरतो, ती जागा भिंगाखाली बघा.

अशा जोडकामाला मोठमोठे फसले आहेत. ‘आर्किओरॅप्टर’ हा चीनमधून आलेला, पक्षी आणि डायनासोर यांच्यातला दुवा म्हणून १९९९ साली नॅशनल जिओग्राफिकमध्ये झळकला. अमेरिकेत तो ८०,००० डॉलरना विकला गेला होता. नंतर सिद्ध झालं की वेगवेगळ्या प्राण्यांचे तुकडे चिकटवून तो बनवला होता.

भारतातलं प्रकरण याहून शिकण्यासारखं. पंजाब विद्यापीठातले विश्वजित गुप्ता वर्षानुवर्षं हिमालयातल्या जीवाश्मांवर शोधनिबंध छापत होते. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जॉन टॅलेंट यांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की त्यातले काही नमुने मोरोक्कोतल्या, दुकानात विकत मिळणाऱ्या जीवाश्मांसारखे हुबेहूब आहेत. म्हणजे जीवाश्म खरेच होते, खोटा होता तो पत्ता.

म्हणून विक्रेत्याच्या ‘१००% ओरिजिनल’ प्रमाणपत्रावर गाव, नदी किंवा खडकाचा थर लिहिलेला नसेल, तर तो फक्त छापील कागद. पैसे देण्याआधी ‘कुठून आला’ हे लेखी मागा. टाळाटाळ झाली तर सोडून द्या.

वस्तू महागाची असेल तर एखाद्या भूशास्त्र विभागात दाखवा. सोलापूरकरांना पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठात भूशास्त्राचे शिक्षक भेटतील. दगडाबरोबर पावती आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉटही न्या. आणि शेतातच काही विचित्र सापडलं असेल तर ते धुऊ नका, तेल लावू नका, लगेच उचलूही नका. आधी जागेवरच, शेजारी पट्टी ठेवून, लोकेशनसह फोटो काढा. किती फुटांवर होतं आणि काळ्या मातीत, मुरमात की नदीच्या गाळात, ते लिहून ठेवा.