दवाखान्याचा हिशेब (लेखांक ६) : मर्यादा नेमकी कुणाच्या खर्चाला?

आरोग्यविम्याच्या कागदावर सगळ्यात ठळक छापलेला आकडा असतो विमा रकमेचा. पाच लाख, दहा लाख. मेडिक्लेम केवढ्याचा आहे असे विचारले की लोक हाच आकडा सांगतात आणि एजंटही याच आकड्यावर पॉलिसी विकतो. पण हा आकडा कंपनीबद्दलचा आहे. वर्षभरात कंपनी जास्तीत जास्त किती देईल, एवढेच त्यातून कळते. घरातल्या कुणाला दाखल करावे लागले तर आपल्याला स्वतःला किती भरावे लागतील, हे तो सांगत नाही. गेल्या आठवड्यात प्रीमियम कसा ठरतो ते पाहिले. या आठवड्यात बिलाच्या आपल्या बाजूकडे पाहू. माझे म्हणणे थोडक्यात असे की, उघडपणे छापलेल्या वजावटीला, म्हणजे डिडक्टिबलला, आपण उगाच घाबरतो; आणि ज्या कपाती डिस्चार्जच्या दिवसापर्यंत लक्षातही येत नाहीत, त्यांच्याकडे पॉलिसी घेताना पाहत नाही.

डिडक्टिबल म्हणजे ठरलेली पहिली रक्कम. तेवढा खर्च आपला, त्यापुढचा कंपनीचा. पन्नास हजारांचे डिडक्टिबल असेल आणि मान्य बिल दोन लाखांचे झाले तर कंपनी दीड लाख देते. यामुळे विमा रक्कम घटत नाही. पाच लाखांची पॉलिसी पाच लाखांचीच राहते, फक्त ती पन्नास हजारांच्या वर सुरू होते. को-पे वेगळा. त्यात प्रत्येक मान्य दाव्याचा ठरलेला हिस्सा, दहा किंवा वीस टक्के, आपल्याला भरावा लागतो. दोन्हींमध्ये पैसे आपल्याच खिशातून जातात म्हणून लोक त्यांना एका माळेत ओवतात, पण फरक मोठा आहे. डिडक्टिबल एका रकमेवर थांबते. को-पे बिलाबरोबर वाढत जातो, म्हणजे आजार जितका गंभीर तितका तो जड. ज्या प्रसंगासाठी आपण विमा घेतो, नेमक्या त्याच प्रसंगी तो सर्वाधिक भरावा लागतो. म्हणून ज्येष्ठांच्या पॉलिसीत वीस टक्के को-पे पाहून ‘ठीक आहे, वीसच टक्के तर आहे’ असे म्हणणे धोक्याचे आहे.

आता खोलीच्या भाड्याकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त पैसे इथे जातात आणि सगळ्यात कमी लोकांना ते समजते. कित्येक पॉलिसींत, विशेषतः जुन्या पॉलिसींत आणि नोकरीतून मिळणाऱ्या सामूहिक विम्यात, खोलीचे भाडे दिवसाला विमा रकमेच्या एक टक्का एवढेच मान्य असते. विमा नियामक ‘इर्डाई’ने २०२० मध्ये सर्व कंपन्यांसाठी एकसारखी ‘आरोग्य संजीवनी’ पॉलिसी आणली, तिच्यातही खोलीला विमा रकमेच्या दोन टक्के, पण दिवसाला जास्तीत जास्त पाच हजार अशी मर्यादा आणि सरसकट पाच टक्के को-पे होता. मर्यादा वाचून कुणालाही वाटेल की पाच हजार मान्य आहेत आणि आपण आठ हजारांची खोली घेतली, तर वरचे तीन हजार आपण भरू. हिशेब तसा होत नाही. खोलीचे भाडे ज्या प्रमाणात मर्यादेबाहेर गेले, त्याच प्रमाणात खोलीशी निगडित इतर खर्चही कापले जातात. डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियेची फी, भूलतज्ज्ञाची फी, ऑपरेशन थिएटरचे भाडे, नर्सिंग, हे सगळे त्यात येते. याला प्रमाणशीर कपात म्हणतात.

एक काल्पनिक बिल मांडून पाहू. पॉलिसी पाच लाखांची, खोलीची मर्यादा पाच हजार, घेतलेली खोली आठ हजारांची, मुक्काम चार दिवस. खोलीचे झाले ३२ हजार. सर्जन, भूल, थिएटर, तपासण्यास येणारे डॉक्टर मिळून १ लाख २० हजार. औषधे आणि शरीरात बसवलेले इम्प्लांट ८० हजार. हातमोजे, गाउन, नोंदणी शुल्क अशा न मिळणाऱ्या बाबी १२ हजार. एकूण २ लाख ४४ हजार. मर्यादेचे प्रमाण आठाला पाच, म्हणजे साडेबासष्ट टक्के. खोलीचे २० हजार मान्य होतील, डॉक्टर आणि थिएटरच्या १ लाख २० हजारांपैकी ७५ हजार मान्य होतील, औषधे आणि इम्प्लांटचे ८० हजार पूर्ण मिळतील. कंपनी देणार १ लाख ७५ हजार, आपण भरणार ६९ हजार. त्यातले ५७ हजार केवळ खोलीच्या निवडीमुळे गेले, जरी खोलीच्या भाड्यातला प्रत्यक्ष फरक चार दिवसांचा मिळून बारा हजारांचाच होता. याच पॉलिसीला वीस टक्के को-पे असेल तर मान्य रकमेतून आणखी ३५ हजार जातील. आपला हिस्सा १ लाख ४ हजारांवर पोहोचेल, म्हणजे बिलाच्या चाळीस टक्क्यांहून जास्त. आणि त्याच वेळी पाच लाखांच्या विमा रकमेतले ३ लाख ६० हजार न वापरता पडून असतील. विमा रक्कम संपली म्हणून खिशाला चाट बसली, असे इथे झालेलेच नाही. विमा रक्कम वाढवल्याने ही अडचण सुटते ती फक्त टक्केवारीने खोलीची मर्यादा वाढते म्हणून. मर्यादा रुपयांत ठरलेली असेल तर तेही होत नाही.

कंपन्यांचा यावरचा युक्तिवाद असा, की रुग्णालये वरच्या वर्गाच्या खोलीसाठी त्याच शस्त्रक्रियेचे जास्त पैसे लावतात, तेव्हा सर्वांच्या हप्त्यातून काहींच्या ऐषारामाचा खर्च का भरावा? यात तथ्य आहे. खोलीनुसार दर बदलणे ही आपल्या खासगी रुग्णालयांची सर्रास रीत आहे. पण भाडे आठाला पाच या प्रमाणात बदलले म्हणून सर्जनची फीही नेमकी त्याच प्रमाणात बदलते, हे गृहीतक प्रत्येक बिलावर कसे लागू पडेल? इर्डाईने हे ओळखून २०२० पासून काही बंधने घातली. औषधे, इम्प्लांट, वैद्यकीय उपकरणे आणि तपासण्या यांवर प्रमाणशीर कपात करता येत नाही, अतिदक्षता विभागाच्या खर्चावर ती लावता येत नाही, आणि जे रुग्णालय खोलीनुसार वेगळे दर लावतच नाही तिथे ती करता येत नाही. हे तीन अपवाद रुग्णाच्या नातेवाइकांना माहीत असायलाच हवेत. डिस्चार्जच्या दिवशी टीपीएच्या, म्हणजे कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेच्या, टेबलावरून आलेल्या कागदावर रक्त-तपासणीचे पैसे प्रमाणात कापलेले दिसले तर तिथेच लेखी हरकत घेता येते. त्याआधी रुग्णालयाचे दरपत्रक मागावे. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीच्या २०२१ च्या सुधारित नियमांनी दर आणि रुग्णहक्कांची सनद लावणे खासगी रुग्णालयांना बंधनकारक केले आहे. एकच शस्त्रक्रिया जनरल वॉर्डात केवढ्याला आणि डीलक्समध्ये केवढ्याला, हा प्रश्न दाखल होण्याआधी विचारायचा असतो. अपघाताच्या रात्री तो विचारणे जमणार नाही हे मान्य. पण मोतीबिंदू, गुडघा, हर्निया अशा ठरवून केलेल्या शस्त्रक्रियांत हाताशी पुरेसे दिवस असतात.

आता मूळ मुद्दा. डिडक्टिबल असावेच कशाला? अर्थशास्त्राचे ठरलेले उत्तर असे की सगळे फुकट मिळाले तर माणूस गरजेपेक्षा जास्त उपचार घेतो. याचा सर्वांत प्रसिद्ध पुरावा अमेरिकेतला आहे. रँड या संस्थेने १९७० च्या दशकात सुरू करून १९८२ पर्यंत चालवलेल्या प्रयोगात हजारो कुटुंबांना वेगवेगळ्या विमा योजना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा वाटून दिल्या. ज्यांना खर्चाचा वाटा उचलावा लागला त्यांनी उपचार कमी घेतले, हे सिद्ध झाले. पण त्यांनी अनावश्यक उपचार जेवढे टाळले, जवळपास तेवढेच आवश्यकही टाळले, आणि गरीब असून उच्च रक्तदाब असलेल्यांची प्रकृती मोफत उपचारांच्या गटात अधिक चांगली राहिली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, मोठ्या कंपनीने सगळ्या कर्मचाऱ्यांना मोफत योजनेवरून मोठ्या डिडक्टिबलच्या योजनेवर नेल्यावर खर्च सुमारे १२ ते १४ टक्क्यांनी घटला. पण लोक स्वस्त दवाखाना शोधू लागले असे दिसले नाही, त्यांनी फक्त उपचारच कमी केले. रुग्णाला शिस्त लावण्याचे साधन म्हणून डिडक्टिबलचा पुरावा असा तोकडा आहे.

आपल्याकडे तर हा तर्क आणखी लंगडा पडतो. अमेरिकेत डिडक्टिबल डॉक्टरांच्या साध्या भेटीलाही लागते. आपल्या बहुतेक पॉलिसी दाखल झाल्यावरच कामाला येतात. ॲपेंडिक्स काढायचे की नाही हे रुग्ण ठरवत नाही, हृदयात स्टेंट किती हे तर नाहीच. मग जो निर्णय त्याने घेतलेलाच नाही त्याची शिस्त त्याला को-पेने कशी लागणार? सत्तरीतल्या माणसावर वीस टक्के को-पे लावण्यामागे शिस्तीचा काही संबंध नाही, तो कंपनीचा खर्च कमी करण्याचा मार्ग आहे, आणि तो तसाच ओळखावा.

तरीही मी डिडक्टिबलच्या बाजूने आहे, पण कारण वेगळे. लहान खर्चाचा विमा महाग पडतो. वीस-तीस हजारांचे दावे संख्येने जास्त, त्यांच्या छाननीचा खर्च जास्त, आणि तो सगळा हप्त्यात येऊन बसतो. जे कुटुंब एखादा लाख बाजूला ठेवू शकते, त्याने तो पहिला लाख स्वतः उचलावा आणि पंचवीस लाखांच्या संकटासाठी विमा घ्यावा, हे शहाणपणाचे आहे. सुपर टॉप-अप पॉलिसी याच कल्पनेवर उभी आहे. नोकरीतला किंवा साधा पाच लाखांचा विमा खाली, आणि पाच लाखांच्या डिडक्टिबलचा मोठा विमा वर. मात्र टॉप-अप आणि सुपर टॉप-अप यांत गल्लत करू नये. वर्षात तीन लाख आणि चार लाख अशी दोन बिले झाली, तर टॉप-अपमध्ये एकही बिल एकट्याने पाच लाखांवर जात नाही, म्हणून काहीच मिळत नाही. सुपर टॉप-अप दोन्हींची बेरीज सात लाख धरते आणि दोन लाख देते. दुसरी काळजी अशी की हे पाच लाख मोजताना सहसा त्या पॉलिसीला मान्य असलेलाच खर्च धरतात. आपण खिशातून भरलेले हातमोज्यांचे आणि नोंदणीचे पैसे त्या पायरीत मोजले जातीलच असे नाही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की नोकरी गेली तर खालचा विमाही जातो आणि वरचा पाच लाखांनंतरच सुरू होतो, मधली दरी कोण भरणार? आक्षेप रास्त आहे. म्हणून फक्त कंपनीच्या विम्यावर सुपर टॉप-अप रचू नये. स्वतःचा लहानसा का होईना पण कायमचा विमा असावा, आणि तो तरुणपणी घ्यावा, कारण आधीच्या आजारांसाठीची प्रतीक्षा, जी २०२४ च्या नियमांनी जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणली, ती निरोगी असतानाच सरलेली बरी. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्यांच्याकडे बाजूला ठेवायला लाख नाही, त्यांनी काय करायचे? त्यांच्यासाठी डिडक्टिबल नाहीच. त्यांनी आधी महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांच्या यादीतले रुग्णालय पाहावे. या योजनांत ठरलेल्या पॅकेजवर उपचार असतात, हप्ता नाही, को-पे नाही, डिडक्टिबल नाही. त्या रुग्णालयांत खाटा पुरेशा नाहीत आणि सगळे आजार पॅकेजमध्ये नाहीत, ही तक्रार खरी आहे. पण तिचे उत्तर खासगी विम्याच्या बाजारात नाही, सरकारी रुग्णालयांवरच्या खर्चात आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांनी थेट खिशातून भरलेला हिस्सा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. घट मोठी आहे, पण उरलेल्यातला बराच भाग ओपीडी आणि रोजच्या औषधांचा आहे, जिथे दाखल होण्याचा विमा पोहोचतच नाही.

अमेरिकी विमापद्धतीचे दोष जगजाहीर आहेत. तिथे डिडक्टिबल आपल्यापेक्षा कितीतरी जाचक असते. पण २०१० च्या कायद्याने तिथे एक गोष्ट आणली जी आपल्याकडे नाही. रुग्णाच्या खर्चालाच वरची मर्यादा. २०२५ साठी ती एका व्यक्तीला ९,२०० डॉलर होती. विम्याच्या जाळ्यातल्या रुग्णालयात, योजनेत बसणाऱ्या उपचारांवर, डिडक्टिबल आणि को-पे मिळून वर्षात त्यापुढे रुग्णाला भरावे लागत नाही. रक्कम मोठी आहे, तरी ती आधीच माहीत असते आणि घर त्यानुसार तयारी करू शकते. आपल्याकडे मर्यादा कंपनीच्या देण्याला आहे, रुग्णाच्या भरण्याला नाही. खोलीची कपात, को-पे, न मिळणाऱ्या बाबी, ‘वाजवी आणि रूढ दर’ म्हणून कापलेली रक्कम, हे एकावर एक चढत जाते आणि त्यांच्या बेरजेला कुठेच छत नाही. इर्डाईने अशी मर्यादा घातली तर हप्ते वाढतील, असे कंपन्या म्हणतील. काही प्रमाणात वाढतीलही. पण तो वाढलेला हप्ता सर्वांत विभागला जाईल आणि आधी दिसेल. आज तेच पैसे एकटा रुग्ण भरतो, तेही अशा दिवशी जेव्हा घासाघीस करायची ताकद त्याच्यात नसते.

ती मर्यादा येईपर्यंत एक लहान बदल लगेच करता येण्याजोगा आहे. १ जानेवारी २०२४ पासून प्रत्येक पॉलिसीबरोबर सोप्या भाषेतले ग्राहक माहितीपत्रक देणे कंपन्यांना सक्तीचे झाले आहे. त्यात को-पे, डिडक्टिबल, उपमर्यादा वेगळ्या लिहिलेल्या असतात, आणि मागितल्यास ते स्थानिक भाषेत मिळायला हवे, म्हणजे आपल्याला मराठीत. ते जरूर मागावे. अमेरिकेतल्या तशाच पत्रकात नमुन्याची उदाहरणे छापावी लागतात: बाळंतपण, मधुमेहाचे एक वर्ष, साधे हाड मोडणे. प्रत्येकात एकूण बिल किती आणि त्यातले रुग्ण किती भरेल, हे रकमेसह लिहिलेले असते. आपल्या पत्रकात अटी आहेत, असे बिल नाही. अँजिओप्लास्टी, गुडघ्याची शस्त्रक्रिया आणि डेंग्यूचे पाच दिवस, अशी तीन बिले प्रत्येक पॉलिसीच्या पत्रकात छापायला लावणे इर्डाईला एका परिपत्रकाने जमेल. तोवर एजंट घरी येईल तेव्हा वरच्यासारखे एक बिल त्याच्यासमोर ठेवावे आणि आपल्याला किती भरावे लागतील ते त्याच्याकडून कागदावर लिहून घ्यावे.