देहातील दोन अबोल सेवक

चूल पेटली की राख उरणारच. देहातही तसेच घडते. खाल्लेल्या अन्नापासून पेशींना ऊर्जा मिळते आणि मागे काही टाकाऊ द्रव्ये उरतात. ती वेळीच बाहेर पडली नाहीत, तर देह पोसणारे अन्नच विषासमान होते.

या कामाची वाटणी निसर्गाने चातुर्याने केली आहे. कार्बन डायऑक्साइड वायू उच्छ्वासावाटे जातो. जुन्या तांबड्या पेशी मोडल्यावर उरणारे पिवळे रंगद्रव्य यकृत पित्तातून आतड्यांकडे धाडते. घामातून थोडा युरिया जातो खरा; परंतु घामाचे मुख्य काम शरीर थंड राखण्याचे. घाम गाळला की सारे विष निघून जाते, ही समजूत भ्रामक होय.

डाळ, दूध, मांस यांतील प्रथिनांच्या विघटनातून अमोनिया निर्माण होतो. तो अत्यंत विषारी. यकृत त्याचे सौम्य अशा युरियात रूपांतर करते. हान्स क्रेब्ज व कुर्ट हेन्सेलाइट यांनी १९३२ मध्ये ही प्रक्रिया उलगडली. हा युरिया रक्तावाटे मूत्रपिंडांकडे येतो.

मूत्रपिंड जेमतेम मुठीएवढे, वजनाने सुमारे १५० ग्रॅम; पण त्यात दहा लाखांच्या आसपास सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि मूत्ररूपाने बाहेर जातो तो केवळ दीड-दोन लिटर! उरलेले पाणी, साखर व आवश्यक क्षार पुन्हा रक्तात घेतले जातात. काय टाकावे आणि काय राखावे, हा विवेक त्यांच्या ठायी आहे.

हे काम यंत्राकडून करवून घेणे किती कठीण! १९४३ मध्ये जर्मन अमलाखालील हॉलंडात डॉ. विलेम कोल्फ यांनी फिरत्या पिंपाभोवती सेलोफेनची नळी गुंडाळून कृत्रिम मूत्रपिंड सिद्ध केले. आरंभीचे बहुतेक रुग्ण दगावले. १९४५ मध्ये ६७ वर्षांच्या एका स्त्रीचे प्राण वाचले. आजही डायलिसिसच्या रुग्णाला बहुधा आठवड्यातून तीनदा, चार-चार तास यंत्राशी जखडून राहावे लागते.

मूत्रपिंडे बिघडू लागली तरी दीर्घकाळ कुरकुरत नाहीत. म्हणून मधुमेह वा रक्तदाब असणाऱ्यांनी रक्त-लघवीची तपासणी टाळू नये. वेदनाशामक गोळ्या वैद्यकीय सल्ल्यावाचून दीर्घकाळ घेऊ नयेत.

आणखी एक गोष्ट आम्हां शिक्षकांच्या नित्य पाहण्यातली. स्वच्छतागृह अस्वच्छ असले की मुली शाळेत पाणीच पीत नाहीत, तासन् तास लघवी रोखून धरतात. त्यातून मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग होण्याचे, पुढे मुतखडा होण्याचे भय वाढते. संकोचामुळे ही तक्रार घरी पोहोचतही नाही.

तेव्हा आमची पालकांस विनंती आहे, की सायंकाळी डब्याबरोबर पाण्याची बाटलीही पाहावी. ती भरलेलीच परत आली असेल, तर मुलीला मायेने कारण विचारावे आणि पालकसभेत गुणांइतक्याच आग्रहाने स्वच्छतागृहाची चौकशी करावी. आम्हां मुख्याध्यापकांना उत्तर देणे भागच पडेल.