संगणकाचे घड्याळ का चुकते?

११ डिसेंबर १९६७. पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटे झाली होती. सातारा जिल्ह्यातील कोयनानगर साखरझोपेत असताना जमीन हादरली. सुमारे ६.३ परिमाणाच्या त्या भूकंपात घरे कोसळली आणि सुमारे १८० माणसे दगावली.

आता हाच भूकंप एखाद्या आंतरराष्ट्रीय यादीत शोधा. तेथे तारीख सापडेल १० डिसेंबर आणि वेळ २२ वाजून ५१ मिनिटे! मग चूक कोणाची? कोणाचीच नाही. यादीतील वेळ जागतिक प्रमाणवेळ आहे. भारतीय प्रमाणवेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे असते.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या शाळेतील संगणक चुकीची वेळ दाखवू लागला, तर "घड्याळ बिघडले" असे म्हणून मोकळे होऊ नका. ते किती चुकते आणि केव्हा चुकते, हे आधी पाहा. त्यावरूनच कारण सापडते.

संगणकात खरे म्हणजे दोन घड्याळे असतात. एक मुख्य मंडलफलकावर असते व संगणक बंद असतानाही चालते. त्यात क्वार्ट्झचा चिमुकला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हीच विचित्र संख्या का निवडली? तिची १५ वेळा निमपट करून पाहा. उत्तर बरोबर १ येते! संख्या निमपट करणे इलेक्ट्रॉनिक मंडलाला अगदी सोपे जाते. वीजपुरवठा तोडला की या घड्याळाला नाण्याएवढा एक घट वीज पुरवतो. त्याच्यावर बहुधा 'सीआर २०३२' असे लिहिलेले असते. त्यातील २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. दुसरे घड्याळ संगणकाच्या आज्ञावलीतील. संगणक सुरू होताना ते पहिल्या घड्याळावरून वेळ घेते आणि पुढे स्वतः मोजणी करते.

आता चुकण्याच्या तीन तऱ्हा पाहू.

पहिली तऱ्हा: भिंतीवरचे बटण बंद करून दुसऱ्या दिवशी संगणक सुरू केला की तो कित्येक वर्षांपूर्वीची तारीख दाखवतो. याचा अर्थ घट संपला आहे. संगणक बंद करून व वीजजोड काढून शिक्षकांनी तो बदलावा. असा घट लहान मुलांच्या हाती मात्र पडू देऊ नये. गिळला गेल्यास जिवावर बेतते.

दुसरी तऱ्हा: फरक नेमका साडेपाच तासांचा पडतो. येथे घड्याळ निर्दोष आहे, वेळक्षेत्राची निवड चुकली आहे. कोयनेच्या भूकंपाच्या दोन तारखांसारखाच हा प्रकार. निवड सुधारा, म्हणजे झाले.

तिसरी तऱ्हा: घड्याळ रोज थोडे थोडे मागे किंवा पुढे जाते. स्फटिकाच्या कंपनसंख्येत दहा लाखांत २० इतकी चूक असली, तरी दिवसाला सुमारे १.७ सेकंद आणि महिन्याला ५२ सेकंद फरक पडतो. तापमान २५ अंश सेल्सिअसपासून बरेच वर किंवा खाली गेले, तरी असा स्फटिक मंदावतो. म्हणूनच संगणक इंटरनेटवरून आपली वेळ अधूनमधून जुळवून घेतो. आपल्या देशाची प्रमाणवेळ नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा आण्विक घड्याळांच्या साहाय्याने राखते.

तुम्ही म्हणाल, एका सेकंदाने असे काय बिघडते? पुन्हा कोयनेला चला. भूकंपाच्या प्राथमिक लहरी कठीण खडकातून सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर धावतात. वेगवेगळ्या केंद्रांवर त्या केव्हा पोहोचल्या, हे पाहून भूकंपाचे स्थान ठरवतात. एखाद्या केंद्राचे घड्याळ एक सेकंद मागे असेल, तर लहर एक सेकंद लवकर आल्याची नोंद होते आणि भूकंप ६ किलोमीटर जवळ झाला असे वाटते! कोयनेतील भूकंपांचा शिवसागर जलाशयाशी संबंध तपासायचा, तर जलाशयाच्या जवळ की दूर, किती खोल, हे नेमके कळायला हवे. तेथे ६ किलोमीटरची चूक कशी चालेल? म्हणून आज भूकंपलेखकांची घड्याळे उपग्रहांच्या संदेशांवरून सतत जुळवतात.

एक गंमत मात्र लक्षात ठेवा. प्राथमिक लहरींच्या मागून दुय्यम लहरी येतात. एकाच केंद्रावर या दोहोंमधील अंतर जितके सेकंद, त्याला ८ ने गुणले की भूकंप सुमारे किती किलोमीटर दूर झाला, ते कळते. येथे घड्याळ दहा मिनिटे मागे असले तरी बिघडत नाही. दोन्ही नोंदींत चूक सारखीच असते, ती वजाबाकीत निघून जाते.

करून पाहा: शिक्षकांच्या परवानगीने एका संगणकाची आपोआप वेळ जुळवण्याची सोय दहा दिवस बंद ठेवा. रोज ठरलेल्या वेळी खात्रीच्या घड्याळाशी ताडून फरक लिहा आणि आलेख काढा. बिंदू सरळ तिरप्या रेषेत आले, तर घड्याळ ठरावीक दराने चुकते आहे. साध्या त्रैराशिकाने त्याची कोणत्याही क्षणाची खरी वेळ काढता येईल. एकदम मोठी उडी दिसली, तर घट किंवा निवड तपासा. सारखे चुकणारे घड्याळ गणिताने सुधारता येते. मन मानेल तसे चुकणाऱ्यावर मात्र विसंबता येत नाही.