परिषद केंद्रातील मार्गनिर्देशन

परिषद केंद्रातील मार्गनिर्देशन म्हणजे अपरिचित व विस्तीर्ण वास्तूत आलेल्या अभ्यागताला आपले स्थान ओळखून इच्छित दालनापर्यंत पोहोचता यावे, यासाठी केलेली मार्गिका, प्रकाश, फलक, चिन्हे व नकाशे यांची एकत्रित योजना होय. बोधचिन्ह, रंग व अक्षरवळण यांतून घडणारी केंद्राची दृश्य ओळख या योजनेचाच भाग असते.

संकल्पना

अमेरिकन नगररचनाकार केविन लिंच यांनी 'द इमेज ऑफ द सिटी' (१९६०) या ग्रंथात मार्ग, कडा, विभाग, संगमस्थाने व ठळक खुणा यांच्या आधारे मनुष्य शहराचे मनोचित्र तयार करतो, असे मांडले. हेच तत्त्व मोठ्या वास्तूंनाही लागू पडते. वास्तूची रचना सुबोध असल्यास फलक कमी लागतात; गुंतागुंतीच्या रचनेतील उणीव केवळ फलक वाढवून भरून निघत नाही. फलकांची खरी गरज जिने, उद्वाहने व मार्गिकांचे छेद अशा निर्णयस्थानी असते.

ओळख व सुरक्षितता

दृश्य ओळखीचे रंग सुरक्षा चिन्हांवर लादले जात नाहीत. आयएसओ ७०१० या मानकानुसार आपत्कालीन निर्गमनाचे चिन्ह हिरव्या पार्श्वभूमीवर पांढरे असते. धूर वा गोंधळाच्या प्रसंगी ते तत्काळ ओळखू येणे आवश्यक असते. रंगांधत्व असलेल्यांसाठी विभागांना रंगासोबत अक्षर किंवा क्रमांकही दिला जातो. देवनागरी फलकांवर शिरोरेखेच्या वर व अक्षराखाली येणाऱ्या मात्रांसाठी ओळींत पुरेसे अंतर ठेवावे लागते.

शाश्वत केंद्रे

प्रत्येक कार्यक्रमासाठी छापलेले फ्लेक्स फलक नंतर कचरा ठरतात. त्याऐवजी कायम चौकटी व बदलता येणाऱ्या पट्ट्या वापरता येतात. डिजिटल पडद्यांमुळे छपाई वाचते. मात्र त्यांना सतत वीज लागते.

कॅनडातील व्हँकुव्हर कन्व्हेन्शन सेंटरच्या २००९ मध्ये खुल्या झालेल्या पश्चिम इमारतीला लीड प्लॅटिनम प्रमाणपत्र मिळाले आहे. तिच्या काचेच्या भिंतींतून बंदर व पर्वत दिसतात. त्यामुळे दिवसाच्या उजेडाबरोबरच दिशेची खूणही मिळते. सुमारे २.४ हेक्टरचे हरित छत मात्र अभ्यागतांसाठी खुले नाही. वास्तूची अशी पर्यावरणीय वैशिष्ट्ये सहज दृष्टीस पडत नसल्याने माहितीफलकांद्वारे त्यांची ओळख करून देणे हेही शाश्वत केंद्राच्या दृश्य योजनेचे कार्य ठरते.